हिरवी पाटी

हसू नका, पण मी एक नाक आहे असं समजा. दवाखान्याच्या गच्चीवर, पत्र्याच्या पेटीत बसवलेलं. मी हवा मोजणारं यंत्र बोलतोय. दिवसभर हवा ओढायची, तिच्यातली धूळ मोजायची आणि फाटकाजवळच्या पाटीला कळवायचं, एवढंच माझं काम. हवा बरी असली की पाटी हिरवी, वाईट असली की लाल.

सात वर्षांपूर्वी मला इथं आणलं तेव्हा समोर तळं होतं. पाटी आठवडेच्या आठवडे हिरवी असायची आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. मग तळं बुजवलं, त्यावर गोदामं उभी राहिली. तीन धुराडी होती, त्यांची अकरा झाली. कामगारांसाठी इमारतींवर इमारती चढल्या, खडी-सिमेंटचे ट्रक दिवसभर धावू लागले. पाटी लाल राहू लागली. तेव्हा कुठं लोक माझ्याकडे बघू लागले, तेही कपाळाला आठ्या घालून. जणू धूर मीच सोडतो!

अपवाद फक्त माळीकाकांच्या लेकीचा. काका दवाखान्याची बाग सांभाळतात आणि आवारातल्याच मागच्या खोलीत राहतात. लेक पॅकिंगच्या कारखान्यात कामाला जाते. तिची सहा वर्षांची चिमणी दम्यानं बेजार. निघताना लेक रोज बजावते, "बाबा, पाटी हिरवी असेल तरच हिला बाहेर सोडा. लाल असली तर कितीही रडू दे."

मध्यंतरी दुरुस्तीवाले साहेब येऊन गेले. पेटीवरून बोट फिरवत म्हणाले, "काका, जरा लक्ष द्या हो याच्याकडे. धुळीनं माखलंय नुसतं." साहेब बोलून गेले, काकांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रबरी नळी घेऊन स्वारी गच्चीवर हजर! फरशी धुतात, कठडे धुतात, नळीच्या तोंडावर बोट धरून माझ्याभोवती बारीक फवारा उडवतात. वर म्हणतात, "घे बाबा, जरा थंड हो. तूही दिवसभर धूरच खातोस."

इतक्या मायेनं माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. पण त्या फवाऱ्यानं माझ्याजवळची धूळ खाली बसते. माझ्या नाकात शिरते ती या गच्चीपुरती धुतलेली हवा, आणि खाली पाटी हिरवी होते. रस्त्यावर धूळ तीच, धूर तोच. मी खोटं सांगत नाही हो, जे पुढ्यात येतं तेच मोजतो. तरी जिवाला घोर लागून राहिला होता.

आणि व्हायचं तेच झालं. गेल्या आठवड्यात हिरवी पाटी बघून चिमणी पलीकडच्या मैदानावर पकडापकडी खेळायला गेली. शेजारणीनं तिला उचलूनच आणलं. ओठ निळे पडलेले, छाती भात्यासारखी चाललेली. डॉक्टरांनी औषधाची वाफ दिली, तासाभरानं श्वास ठिकाणावर आला. तेवढ्यात लेक धावत पोचली.

"बाबा, लाल पाटी असताना सोडलंत हिला?"

"नाही गं! हिरवी होती, तुझी शपथ."

"मग असं कसं झालं?"

काकांचा चेहरा एवढासा झाला. "यंत्रावर परत धूळ बसली असणार. माझंच दुर्लक्ष झालं. आता दोनदा धुतो."

मला काळीज नाही, तरी धस्स झालं.

तेव्हापासून काका सकाळी धुतात आणि चिमणी खेळायला निघायच्या आधी पुन्हा एकदा. साहेब आता पाच महिन्यांनी येणार. येणारेजाणारे पाटीकडे बघून म्हणतात, हवा सुधारली बरं का!

आत्ता ऊन कललंय. पाटी लाल आहे. चिमणी पायरीवर बसून बुटांचे बंद बांधते आहे आणि पाटीचा रंग बदलायची वाट बघते आहे. जिन्यात काकांची पावलं वाजताहेत, मागून नळी घासत येते आहे.

काका, मला हात असते तर जोडले असते. आज एक दिवस मला मळकाच राहू द्या.