प्रश्नचिन्हांतली माणसं

दोन रविवार मातीत गेले होते, आणि तेही स्वतःच्याच हाताने, म्हणून साक्षीचा जीव जास्त जळत होता.

लिंबायत वस्तीतल्या खोलीत बसून ती लायब्ररी लॅपटॉपवर घालतानाच तिच्या नाकी नऊ आले होते. फोटोच्या फाइलमध्येच नावगाव लिहून देणारं ते तयार कोडचं गाठोडं. ते म्हणे आधी दुसरी लायब्ररी घाल; ती घातली तर म्हणे ही फार नवी, जुनी आण. शेवटी एकदाचं गंगेत घोडं न्हालं. मग काचबिंदूने नजर मंदावलेल्या तिच्या आई, प्रमिलाबाई, एकेक फोटो नाकाला लावून माणसं सांगत गेल्या. फोटो बमरोलीच्या मिलमधले, साक्षीच्या वडिलांच्या वेळचे, तिने स्कॅन करून लॅपटॉपवर घेतलेले. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, नजर फार तर दिवाळीपर्यंत. नंतर ही माणसं ओळखणारं कुणीच उरणार नव्हतं. चिठ्ठी हरवते, नाव फोटोच्या पोटातच हवं, हा साक्षीचा हट्ट.

आज फाइली उघडल्या तर सगळीकडे प्रश्नचिन्हं! फाइलमधल्या ज्या रकान्यात नावं टाकली होती, त्याला फक्त इंग्रजी अक्षरं कळत होती. मराठीच्या प्रत्येक अक्षरासाठी, प्रत्येक काना-मात्रेसाठी त्याने एकेक प्रश्नचिन्ह ठोकलं होतं, आणि वर ‘काम झालं’ म्हणून सांगितलंही होतं. साक्षीने नावं थेट तिथेच टाइप केलेली, दुसरीकडे कुठेच उतरवली नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं.

मराठी समजणारा दुसरा रकाना सापडायला दुपार झाली. मग तिने आईला पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं. “माय, नावं पुसायनीत. आखो सांगशी?”

प्रमिलाबाईंनी मिलच्या फाटकावरचा फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि खाली ठेवला. “आते चेहरा दखास नही, बाई. नावं याद शेतस. कोन कोठे उभा शे, ते नही.”

साक्षीला रडू आलं. चिडून ती प्रश्नचिन्हंच मोजत बसली. पहिल्या माणसाला चार, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला सात.

“माय, नावं सांग. कशीबी सांग.”

“धुडकू. बाबुराव. राघो.”

राघो चार, धुडकू पाच, बाबुराव सात! मेल्या मशीनने नावं खाल्ली, पण मापं ठेवली होती. साक्षी भराभर टाइप करू लागली.

चौथे तिचे वडील. छगन म्हणजे तीन चिन्हं हवीत. इथे मात्र दोन शब्द, चार आणि चार. ती मोजत राहिली आणि एकदम थबकली. आई बोलली तसं तिने आंधळेपणाने टाइप केलं होतं: आपले घरचे.

म्हणजे लायब्ररी नीट चालली असती, तरी सगळ्यांची नावं राहिली असती आणि बापाचंच गेलं असतं. कुणाच्या घरचे, हे सांगायला उद्या कोण असणार होतं?

“माय, आठे ‘घरचे’ लिखेल शे.”

नवऱ्याचं नाव प्रमिलाबाईंच्या तोंडून साक्षीने जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“लिख,” त्या म्हणाल्या. “छगन.”

साक्षीने लिहिलं, फाइल बंद केली, पुन्हा उघडली आणि मोठ्याने वाचलं.

“आखो एकदाव वाच,” प्रमिलाबाई म्हणाल्या.