मावलिदीचा फेसाळणारा जिन

"फेस आला! फेस आला!" गर्दीत एकच गलका झाला. पाटावर प्रवाळाचा तुकडा, त्यावर पिळलेलं लिंबू आणि चरचरत उसळणारा पांढरा फेस. मागे मांत्रिक मावलिदी बुबुळं फिरवत बसलेला.

"बघा, जिन निघाला! समुद्राचा जिन समुद्राच्याच जिवंत दगडात उतरतो. मेलेला दगड चालत नाही. आईनं स्वतःच्या हातानं तोडायचा, सात दिवस, सात तुकडे. तोवर दवाखान्याची गोळी बंद. गोळीनं जिन चिडतो!"

हा जिन म्हणे माझ्या चार वर्षांच्या भाचीच्या, हिदायाच्या अंगात होता. तिला फिट यायची. गोळ्या सुरू केल्यापासून सहा महिन्यांत एकही आली नव्हती. बंद केल्यावर सहा दिवसांत दोन आल्या. तरी माझी बहीण झुहुरा रोज ओहोटीला कंबरभर पाण्यात उतरून प्रवाळ तोडत होती. जिवंत प्रवाळ तोडणं, बाळगणं, विकणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, त्याला तुरुंग आहे. या गृहस्थानं मात्र पायाचा अंगठाही भिजवला नव्हता. गुन्हा आयांचा, माल त्याचा!

मी गावचा शाळामास्तर. "लिंबातल्या आम्लामुळे..." एवढं बोललो, तर मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, शाळा सुटली!" सगळे खो खो हसले.

तेवढ्यात बी साउमू उठली. गावातली निम्मी घरं या म्हातारीनंच चुन्यानं लिंपलेली. तिनं मावलिदीच्या ताटलीतलं अर्धं लिंबू उचललं आणि त्याच्यामागच्या भिंतीवर पिळलं. भिंत फेसाळली.

"अगं बाई! मावलिदी, तुझ्या भिंतीलाही जिन लागलाय की रे!"

"बी, ती... ती माझी शक्ती भिंतीत उतरलीय."

"तुझी शक्ती? मेल्या, तू जन्मायच्या आधी ही भिंत मी लिंपलीय! किनाऱ्यावरचं मेलेलं प्रवाळ भाजून केलेला चुना आहे हा. लिंबू पडलं की फेस येतोच. तुझ्या पाटावरचा दगडही त्याच जातीचा."

सगळं गाव प्रवाळाच्या घरांत जन्मलेलं, आणि त्याच भिंतींना टेकून चमत्कार बघत होतं. खरं सांगतो, मला कीव आली नाही, चीड आली.

झुहुरानं हळूच विचारलं, "मेलेल्यालाही फेस येतो, तर मला जिवंत का तोडायला लावलंस?"

मावलिदी परसाचं दार अडवायला धावला. उत्तर परसात सापडलं. धुऊन, वाळवून, चिंध्यांत गुंडाळलेल्या प्रवाळाची नऊ पोती, शहरातल्या दिवाणखान्यांत शोभेसाठी विकायला ठेवलेली. तिथल्या गिऱ्हाइकाला ताज्या, अखंड फांद्या लागतात.

आम्ही किनाऱ्यावर प्रवाळ राखणाऱ्या सरकारी पहारेकऱ्यांना बोलावलं. त्यांनी मावलिदीला पोत्यांसकट नेलं. झुहुरानं आपलाही गुन्हा कबूल केला. तिची चौकशी अजून चालू आहे. घरी आल्यावर तिनं आधी हिदायाला गोळी दिली, मग मला विचारलं, "दादा, माझे सहा तुकडे परत ठेवले तर जगतील का रे?"

मास्तर असून मला हो म्हणवेना. ते केव्हाच वाळून गेले होते.

म्हणून सांगतो, कुणी चमत्कार दाखवला की आधी आपल्या घरच्या भिंतीवर लिंबू पिळून बघा. समुद्रातलं समुद्रात राहू द्या. आणि पोरांची गोळी एक दिवसही चुकवू नका.