अंगठ्याएवढा चेहरा

माझ्या सुनेला लाज नाही. हे मी तिच्या तोंडावर म्हटलेलं आहे, म्हणून इथे लिहायला कचरत नाही. मेलेल्या माणसाचं तोंड मिटवायचं असतं. हिने माझ्या मुलाचं उघडलं आणि बाजारात लावलं.

बाजार म्हणजे फोनमधला. तिथे खेळ मिळतात. दुकानाच्या फळीवर डब्या लावाव्यात तशी चौकोनी चित्रं एकाला एक चिकटून असतात. माझा मुलगा आणि सून मिळून असाच एक खेळ करत होते. आतली जुळणी त्याची, चित्रं तिची. खेळ मात्र मूळ माझा. माझ्या नवऱ्याचा घरसामान हलवायचा धंदा होता. ट्रक तो चालवायचा, भरून मी द्यायचे. कपाट कुठल्या अंगाला, पलंग कसा उभा, शिलाई मशीन कशाच्या पोटात, हे सगळं मी खाली उभी राहून सांगायचे आणि धट्टेकट्टे हमाल मुकाट ऐकायचे. शाळा मी चौथीतच सोडली, पण मी भरलेल्या ट्रकमध्ये कधी आरसा तडकला नाही. खेळातही तेच. बोटाने सामान सरकवायचं आणि ट्रक भरायचा. मध्ये फट राहिली की पहिल्याच वळणाला सगळं आदळतं.

खेळ पुरा व्हायच्या आत मुलगा गेला. टेबलाशी बसल्या जागी. सून कामाला बाहेर होती, घरात मी एकटी. ती पोचेपर्यंत मी त्याचे डोळे मिटले, हनुवटी वर धरली आणि डोक्यावरून रुमाल बांधला. त्याच्या वडिलांनाही मीच बांधला होता. हात विसरत नाहीत.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. खाली रस्त्यावर कुणी ट्रक मागे घ्यायला लागलं की माझं हातातलं काम थांबतं. ट्रक मागे घेताना पाठीमागे उभं राहून हाक द्यायचं काम लहानपणापासून माझ्या मुलाचं. हात हलवत ओरडायचा, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस." आताही ट्रक मागे येतो, सामान उतरतं, ट्रक निघून जातो, आणि मी पीठभरल्या हातांनी तशीच उभी. 'बस' कुणी म्हणतच नाही.

तर सून. तिने खेळ एकटीने पुरा केला, हे मी नाकारत नाही. दुकानात लावायची चित्रं केली, तीही चांगली. एका चित्रात ट्रक जवळजवळ भरलेला, मध्ये एकच फट, आणि बाहेर एक खुर्ची पडलेली. मी म्हटलं, "अगं, ती खुर्ची आत जाते की. कुणी ठेवली बाहेर?"

"मीच ठेवली, आई. बघणाऱ्याचं बोट शिवशिवायला हवं. सगळं नीट लावलेलं दाखवलं तर लोक छान म्हणतात आणि पुढे जातात."

हे मला पटलं. अक्षरंही तिने फार घातली नव्हती. माझ्यासारख्यांना बरं.

मग एका सकाळी मी तिच्या खोलीत गेले तर पडद्यावर परातीएवढा माझा मुलगा. हमालाची टोपी, त्याच्याच जाड भुवया, आणि आ वासलेलं तोंड. लालभडक. आत जीभ.

"हे काय काढलंस?"

"खेळाचं मुख्य चित्र. दुकानात दिसतं ना चौकोनी, ते."

"तोंड मिटव त्याचं."

"मिटलेलं पण केलंय." तिने बोट दाबलं, मिटलेलं आलं. "पण त्या गर्दीत सगळेच आरडाओरडा करत असतात, आई. मिटलेल्या तोंडावर नजर थांबत नाही."

"गर्दीला माझाच मुलगा सापडला?"

ती वळली नाही. "माझेही कुणी होते ते," म्हणाली.

मग तिने मला त्यांच्या धंद्यातली रीत सांगितली. दोन्ही चित्रं लावायची. अर्ध्या लोकांना हे दिसतं, अर्ध्यांना ते. ज्याला भुलून जास्त लोक खेळ उतरवून घेतील ते कायमचं राहतं, दुसरं पुसून टाकायचं.

"आणि खेळ कुणी घेतलाच नाही तर?"

"तर सगळंच जाईल. त्यांचं म्हणून दुसरं काही उरलेलं नाही माझ्याकडे."

चित्रं लागली. माझ्या फोनवर तोंड मिटलेलं आलं. मला जरा बरं वाटलं. मग परगावच्या लेकीला फोन लावला.

"बघ गं, तोंड उघडं आहे की मिटलेलं?"

"कुणाचं?"

"दादाचं."

"उघडं आहे, आई."

एकच माणूस. एका गावात गप्प, दुसऱ्या गावात तोंड उघडून बसलेला. शेजारच्या घरात कसा असेल, सांगता येत नाही. लोक भूत म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? त्या दिवसापासून रस्त्याने कुणी फोनमध्ये बघत चाललं की मला वाटायचं, याच्या हातात तो कसा आहे?

पण मी कपाळाला हात लावून बसणारी नव्हे. उठले. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईचं दार वाजवलं. फोन मागितला, चष्मा लावला, अगदी नाकाशी धरून बघितलं. मिटलेलं. "आत्ताच्या आत्ता उतरवून घे." तिने घेतला. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे उघडं निघालं. त्याला म्हटलं, "राहू दे. वाईट आहे हा खेळ."

"मावशी, तुमच्याच घरचा खेळ ना?"

"तुझ्या फोनवर वाईट आहे."

चष्मेवाला, जिना झाडणारी, दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसलेली माणसं, कुणाला सोडलं नाही. दवाखान्यात तर एका बाईचा ताप राहिला बाजूला, मी तिचा फोन तपासला. म्हातारी बघून लोक नाही म्हणत नाहीत. म्हातारपणाचा तेवढाच उपयोग.

नव्या खेळाला गिऱ्हाईक ते किती असणार. तागडी फिरली.

सून हिशेब बघत बसली होती. "काही कळत नाही," म्हणाली. "सगळीकडे उघडं तोंड पुढे होतं. आता मिटलेलं वर आलंय, आणि ते सगळं आपल्याच गावातून."

मी डाळ निवडत होते. मान वर केली नाही. पण नर्सबाईच्या पोटात काही राहत नाही. जिन्यात दोघींची गाठ पडली, आणि सून वर आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही केलंत हे?"

"केलं."

"का?"

"मेलेल्याचं तोंड उघडं ठेवत नाहीत. तुझ्या आईने नसेल सांगितलं, मी सांगते."

वाटलं, आता भांडेल. मी तयार होते. पण ती खाली बसली, ताटातली डाळ उगाच बोटाने इकडची तिकडे करत राहिली.

"मी आले तेव्हा तुम्ही रुमाल बांधला होता," ती म्हणाली. "तुमचं बरोबरच होतं. पण आई, मला आता तेच तोंड आठवतं. मिटलेलं. आवाज आठवायला जाते तर रुमालच मध्ये येतो. ते मिटलेलं चित्र काढताना माझा हात चालेना. उघडं काढलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे बोलतील."

मी डाळीचं ताट बाजूला सारलं.

ती उठली. तिचा जुना फोन घेतला, दुकानाचं पान उघडलं. ती सगळी चौकोनांची गर्दी, आणि त्यात कुठेतरी तो. फोन तिने समोरच्या खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला आणि मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं.

"चष्मा काढा."

"मग काय दिसणार मला?"

"काढा तर. जवळून बघायचं चित्रच नाही हे. चालता चालता, अंगठ्याएवढं, लांबून दिसतं तेवढंच खरं."

चष्मा काढला. इतर चित्रांचे नुसते रंग झाले. लाल गेलं, जीभ गेली. टोपीखाली दोन भुवया, वर उचललेली हनुवटी आणि तोंडाचा एक काळा ठिपका. तो ओरडत नव्हता. आ वासलेलाही नव्हता. ट्रकच्या मागे, पार गल्लीच्या टोकाला उभा होता.

माझा हात आपोआप वर गेला आणि त्याच्यासारखा हलायला लागला. सून बघत होती, तरी मी तो खाली घेतला नाही. मग खिडकीशी जाऊन वाकून बघितलं. खाली रस्ता मोकळा होता. ट्रक नव्हता.

मी चष्मा पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला.

"सूनबाई," मी म्हणाले, "लाज नाही तुला, तो शब्द मी मागे घेत नाही. पण मिटलेलं पुसून टाक आणि तोंड उघडंच लाव. तो अजून 'बस' म्हणालेला नाही."