रोज दोन मग पाणी

"मावशी, ठेवा ते फडकं आता! चौथ्यांदा पुसताय तोच संगणक," पर्यावरणाच्या बाई म्हणाल्या.

शाळेच्या शिपाई मावशींनी फडकं ठेवलं आणि लगेच पुन्हा उचललं. हाताला काम नसलं की त्यांचा जीव खाली-वर व्हायचा. दहा मिनिटांत पडद्यावर परदेशातली शाळा दिसणार होती. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी, एकाच जातीच्या झाडाचं रोप कुंडीत लावलं होतं. हातभर झालं की मैदानात लावायचं, तोवर दर आठवड्याला उंची आणि पाणी एकमेकांना कळवायचं. सुट्टीत हे काम मावशींकडे आलं. त्यांनी पोटच्या पोरासारखं जपत रोज दोन मग पाणी घातलं. अति तिथे माती! मुळं कुजली, रोप गेलं. लाजेपायी मावशी उंची मात्र वाढवत राहिल्या, कागदावर. आज सकाळी कुठे त्यांनी बाईंपाशी तोंड उघडलं होतं.

"फाटकाजवळच्या कुंडीत त्याच जातीचं रोप आहे, ते दाखवू," बाई हळूच म्हणाल्या. "रोपावर काय नाव लिहिलेलं असतं? पोरांसमोर तुमची शोभा कशाला?"

"बरं," मावशी म्हणाल्या. पण हातातलं फडकं पुन्हा संगणकावर फिरू लागलं.

पडदा उजळला. दोन वेण्यांची एक मुलगी आपली कुंडी पुढे धरून भराभरा बोलू लागली. तिच्या रोपाची पानं पिवळी पडून लोंबत होती.

"काय म्हणतेय हो?"

बाई चाचरल्या. "म्हणतेय... तुमचं बघून आम्हीही रोज दोन मग घालतो. तुमचं वाढतंय, मग आमचंच का असं?"

मावशी ताडकन पुढे झाल्या. "तिला म्हणावं, पाणी बंद कर आधी! आमचं त्यानंच मेलं. पुढचे आकडे मी मनानं लिहिले."

वर्गातल्या पोरांच्या माना मावशींकडे वळल्या. बाईंनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

"बाई, पोरीचं रोप जाईल हो. मी म्हटलं तेवढं सांगा, पदरचं काही घालू नका."

बाईंनी सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला. ती मागच्या फळ्याकडे गेली आणि मावशींनी कळवलेले आकडे खालून एकेक पुसू लागली. मावशींना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वरच्या एका आकड्यापाशी मुलीचा हात थांबला. तिने वळून काहीतरी विचारलं.

"हा तरी खरा का, विचारतेय," बाई म्हणाल्या.

मावशींनी चष्मा नीट करून पाहिलं. एकोणीस सेंटिमीटर.

"खरा," त्या म्हणाल्या. "तेवढं वाढलं होतं ते."