सुपातला उजेड

फ्लॅश वर गेला आणि परत आलाच नाही. वर्षाराणीने कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. सगळा काळोख, त्यात बायडीच्या बांगड्यांची कड आणि मांडीवरच्या पोरीचे दोन डोळे. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. वरची कौलं आणि धुराने काळे झालेले बांबू उजेड गिळून ढेकरही देत नव्हते.

"बिगडला काय, ताई?" बायडीने विचारलं.

"कॅमेरा नाही बिघडला. तुमचं छप्पर काळं आहे," वर्षाराणी म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण लगेच मनात आली आणि ती स्वतःवरच चिडली.

बोईसरमध्ये लहान मुलांचे फोटो काढावेत तर वर्षाराणीनेच, असं तिचं स्वतःचं ठाम मत होतं, आणि बोईसरचंही फारसं वेगळं नव्हतं. नवरा चंद्रभान जळगावहून इथे कारखान्यात लागला, तिने आधी दुसऱ्याच्या दुकानात पासपोर्टचे फोटो काढले, मग स्वतःचं दुकान टाकलं. तिचा नियम एकच. मुलाच्या तोंडावर फ्लॅश मारायचा नाही. फ्लॅशचं डोकं वर वळवायचं, त्यावर श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण बसवायचं, म्हणजे उजेड छताला लागून मऊ होऊन खाली येतो. मूल दचकत नाही आणि गाल गालासारखे दिसतात. "पोराला उजेड वाढायचा असतो, फेकून मारायचा नसतो," असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची. वसाहतीतल्या पांढऱ्या छतांखाली हे वाक्य शंभर टक्के खरं होतं.

बायडी पावसाळाभर तिच्या दुकानाच्या पायरीशी रानभाजी घेऊन बसायची. दिवाळीनंतर एक दिवस तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक फोटो काढून पुढे केला. मागच्या साली वीटभट्टीवर जायच्या आधी जत्रेत काढलेला. कुणीतरी समोरून फ्लॅश ठोकला होता. बायडीचं तोंड भाकरीच्या पिठासारखं पांढरंफेक, डोळे लाल, मागे काळंकुट्ट.

"भट्टीवर धुरानं पोरीला खोकला लागं, म्हनून सासूजवल ठेवली," ती भाजीची जुडी बांधत सांगत होती. "सासू रोज हा फोटो दाखवी. ही बग तुजी आय. पोर भ्यायची. शिमग्याला आमी परत आलो तं मला बगून आजीच्या मागं लपली. चार दिस माज्या हातचा घास नाय घेतला." जुडी बांधून झाली. "औंदा माज्या तोंडासारखा तोंड काड, ताई."

वर्षाराणीला त्या जत्रेतल्या फोटोवाल्याचा इतका राग आला, की तो समोर असता तर त्याची धडगत नव्हती. "माझ्यावर सोड," ती म्हणाली. हे ती सगळ्यांनाच म्हणायची.

बायडी पोरीला घेऊन दुकानात येणार होती. पण ठेकेदाराचा टेंपो अचानक उद्या सकाळीच निघायचा ठरला, म्हणून वर्षाराणी स्कूटर काढून स्वतःच पाड्यावर आली होती. बाहेर लख्ख ऊन होतं. त्या उन्हात झाडाखाली काम पाच मिनिटांत झालं असतं. पण अंगणात बोचकी बांधून ठेवली होती, आणि बोचक्यांचा अर्थ अडीच वर्षांच्या हेतलला बरोबर कळत होता. सकाळपासून ती उंबऱ्याबाहेर यायला तयार नव्हती. उचलून नेलं तर चौकट धरून किंचाळायची. दारापासून लांब, भाताच्या कणगीच्या आडोशाला आईला घट्ट धरून ती बसली होती. कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप. फ्लॅश तिकडे वळवला तरी उजेड मातकटच होऊन येणार.

वर्षाराणीकडे यावरही उपाय होता. तिने पिशवीतून नवं पांढरं कापड काढलं, एक टोक बायडीच्या नवऱ्याच्या, सुकाच्या हातात दिलं, दुसरं त्याच्या भावाच्या. "हे धरा दोघांच्या डोक्यावर. ताणून. छत नाही तर छत करू."

कापड वर गेलं आणि चुलीशी बसलेली साखरबाई ताडकन उठली. सुकाची आई.

"काड तं. जित्या पोरीच्या डोईवर कोरा कापड धरतं काय कोन?"

सुकाच्या हातातलं टोक गळून पडलं. वर्षाराणीने जीभ चावली. तिच्या गावीही कोरं पांढरं कापड माणसाच्या अंगावर एकदाच येतं. तिच्या वडिलांच्या अंगावर तिने स्वतः पाहिलं होतं. आणि दुकानात शेकडो मुलांच्या डोक्यावर असंच कापड धरताना तिच्या मनात कधी काही आलं नव्हतं, कारण तिथे त्याला रिफ्लेक्टर म्हणत. "चुकलं, आजी," ती म्हणाली आणि कापडाची घडी करून पिशवीच्या तळाशी दाबली.

आता एकच मार्ग उरला होता. झाकण काढायचं आणि सरळ समोरून मारायचा. फोटो आला असता. बायडीने तो मुकाट्याने घेतलाही असता. पुढचे चार महिने त्या पोरीला आई म्हणून तेवढाच कागद, आणि शिमग्याला पुन्हा आजीच्या मागे लपणं. वर्षाराणीचं बोट झाकणापर्यंत गेलं आणि थांबलं. तिला खरंच भीती वाटली. असं फार वर्षांनी झालं होतं.

"पांडराच पायजे ना तुला?" साखरबाई मागून म्हणाली. "मंग कापड कशाला?"

तिने कुडावरचं सूप काढलं. थाळीत तांदळाचं पीठ घेऊन पाण्यात कालवलं आणि सूप आतून हाताने सारवायला घेतलं. "पाचवीला हिला यातच निजवलेली," ती सारवता सारवता म्हणाली. "सुपाला नाय भ्यायची ती."

वर्षाराणीने सुपाकडे पाहिलं. हातभर रुंद, पांढरं, आणि जवळ धरता येण्यासारखं. छताची गरजच काय होती? तिने फ्लॅशचं डोकं बाजूला वळवलं आणि साखरबाईला बायडीच्या डाव्या अंगाला बसवलं.

"जरा तिरकं धरा, आजी. अजून. बास, आता हलू नका."

पहिल्याच खेपेला उजेड आला. त्या कुडाला खिडकी नव्हती, पण असती तर सकाळी असाच आला असता. बायडीच्या हनुवटीवरचं गोंदण, गालावरचा कांजिण्यांचा बारीक वण, सगळं जागच्या जागी. आजीचे कोपरापर्यंत पिठाने भरलेले हात बघून हेतल हसायला लागली. बायडी मात्र ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघत होती, रेशनच्या रांगेत बघावं तसं.

"बायडी, माझ्याकडे नको बघू," वर्षाराणी हळू आवाजात म्हणाली. "या काचेच्या मागे तुझा फोटो हातात घेऊन हेतल बसली आहे, असं समज. तिच्याकडे बघ."

बायडीने बघितलं. वर्षाराणीने बटण दाबलं, आणि दुसरा फोटो काढायची गरज नाही हे तिला तेव्हाच कळलं.

पडद्यावरचा फोटो बायडीने बराच वेळ पाहिला. "ही मीच हाय," ती म्हणाली. मग उठून उद्याच्या भाकऱ्यांचं पीठ मळायला बसली.

पुढच्या सोमवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, वर्षाराणी फोटो घेऊन पुन्हा पाड्यावर गेली. चांगला वहीएवढा मोठा, पोरीने हाताळला तरी खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिक चढवलेला. वाटभर ती खुशीत होती. अशा कामाला शाबासकी द्यायला आपल्याशिवाय कुणी नसतं, म्हणून ती आपली आपणच देत होती.

अंगणातली बोचकी गेली होती. साखरबाई वाल निवडत होती, हेतल शेजारी बसली होती. वर्षाराणीने फोटो तिच्या हातात दिला आणि श्वास रोखून बघत राहिली. पोर भ्यायली नाही. तिने फोटो नाकाजवळ धरला, हनुवटीवरच्या गोंदणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आय."

वर्षाराणीने साखरबाईकडे पाहिलं. साखरबाईनेही ऐकलं होतं. तिचे हात वालात थांबले होते.

मग हेतलने फोटो उलटला. मागे पांढरा कागद आणि दुकानाचा शिक्का. तिने तो जरा वेळ न्याहाळला, पुन्हा सुलटा केला. आई होती. तिने पटकन उलटला. नव्हती.

"मागं नाय गो, बाय," साखरबाई म्हणाली.

वर्षाराणी पोरीच्या शेजारी जमिनीवर बसली. हेतल आता फोटो दोन्ही हातांनी उभा धरून, मान वाकवून, त्याच्या कडेने मागे बघत होती.