जमिनीवर लोळणारे पडदे

हॉटेलच्या दारात गाडीतून उतरलो आणि सगळ्यात आधी आमचं स्वागत केलं ते ड्रिलच्या आवाजानं. मग धूळ आली, मग रंगाचा वास आला आणि सगळ्यांच्या मागून हात जोडत मॅनेजर आला. हॉलभर प्लॅस्टिक अंथरलेलं, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, पोहण्याचा तलाव कोरडा ठणठणीत आणि त्याच्या तळाशी एक माणूस शिडी लावून भिंती घासतोय. मॅनेजर म्हणाला, नूतनीकरण चालू आहे, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमच्या दोन खोल्या होत्या, पण त्यातल्या एकीचं बेसिन अजून बसलेलं नाही, म्हणून दोघींना एकीतच राहावं लागेल, त्याबद्दलही तो दिलगीर होता. लिफ्ट बंद, त्याबद्दल तर फारच. वन्संनी तिथल्या तिथे त्याचं नाव 'दिलगीर' ठेवून टाकलं, आणि पुढे आमच्यासाठी त्याला दुसरं नाव उरलं नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद. वयानं माझ्याहून मोठ्या, पण ह्यांची धाकटी बहीण, म्हणून मी त्यांची वहिनी. मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अजून कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी कोपरे बघतात, मग माणसं. माझं शिवणकामाचं दुकान आहे. कपडे शिवते, अभ्रे शिवते, लोकांच्या घरचे पडदे शिवते. आमचं दोघींचं कधी पटलं नाही. हे होते तोवर मध्ये पडायचे, हे गेल्यावर भांडण थेट व्हायला लागलं, एवढाच फरक. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायच्या, मी घातलेल्या टाक्यांत खोट काढायच्या, आणि मी त्यांना चार शब्द सुनावल्याशिवाय उठायच्या नाहीत.

आता त्या कायमच्या जाणार होत्या. मुलानं आपल्या शहरात आईसाठी खोली तयार करून घेतली होती. इकडचं भाड्याचं घर सोडलेलं, सामान बांधून ठेवलेलं. जाण्याआधी आई आणि मामीनं समुद्राकाठी चार दिवस मजेत राहावं म्हणून त्यानंच ही आलिशान जागा ठरवली. घाईघाईत ठरवली, हे वेगळं सांगायला नको. शेवटच्या दिवशी दुपारी तो गाडी घेऊन येणार, वाटेत मला घरी सोडणार आणि आईला घेऊन पुढे जाणार.

मला त्या जायला नको होत्या. माझ्या घरात मागची खोली रिकामी पडली आहे. 'माझ्याकडे राहा' एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या बाईशी उभा जन्म वाद घातला, तिच्यासमोर पदर पसरायचा म्हणजे जिभेला टाळं लागतं. आणि नाही म्हणाल्या तर? वन्सं नुसतं नाही म्हणत नाहीत, कारणंही देतात, आणि ती सगळी खरी असतात. म्हणून घरून निघताना मी मनाशी ठरवलं होतं की या चार दिवसांत विचारायचं म्हणजे विचारायचं.

ठरवायला काय जातंय. खोलीत पाऊल टाकलं तर समुद्राच्या जागी परांची. बांबू बांधलेले आणि त्यावर उभा राहून एक रंगारी आमच्या गॅलरीचा कठडा रंगवतोय. समुद्र दिसत होता, पण रंगाऱ्याच्या दोन पायांमधून. तो बाजूला सरकला की आम्ही दोघी लगेच मान वाकडी करून बघून घ्यायचो. वन्संनी पहिल्याच तासात त्याला नाकाला रुमाल बांधायला लावला. पलंग एकच होता आणि इतका अवाढव्य, की मधे अख्खं कुटुंब झोपलं असतं. तरी कुठल्या कडेला कुणी झोपायचं यावरून आमची जुंपलीच. मग वन्संनी चादरीचे चारी कोपरे काढून इस्पितळासारखे पुन्हा घट्ट खोचले, आणि मला पाय हलवायची सोय उरली नाही.

विचारायचे प्रयत्न मी केले, नाही असं नाही. नाश्त्याच्या टेबलाशी मनाचा हिय्या करून 'वन्सं,' म्हटलं, तर शेजारच्या भिंतीत ड्रिल घुसलं. त्या 'काय?' म्हणाल्या, मी 'मीठ द्या' म्हणाले. वाळूवर फिरताना पुन्हा तोंड उघडलं, तर मागून दिलगीर धावत आला, कारण आम्ही ओल्या सिमेंटवरून चालत आलो होतो. त्याबद्दल आम्ही दिलगीर झालो. खोटं कशाला बोलू, ड्रिल आलं की माझ्या जिवात जीव यायचा.

पण मजा येत होती, हेही सांगितलं पाहिजे. पाहुणे असे आम्ही दोघीच. सकाळी ऑम्लेट कसं हवं हे विचारायला स्वयंपाकी स्वतः यायचा, कारण त्याला दुसरं काम नव्हतं. वन्संनी फरशी बसवणाऱ्याच्या अंगठ्याला पट्टी बांधून दिली, मग गवंडी पाठ दाखवायला आला, मग रंगारी खोकला घेऊन आला. तिसऱ्या दिवसापर्यंत आमच्या खोलीबाहेर रांग लागायला लागली. वन्संच्या चेहऱ्यावर असा उजेड मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तिकडे त्या शहरात एकट्या खोलीत त्या कुणाचा अंगठा बांधणार?

त्याच दिवशी दुपारी ते पडदे आमच्या नजरेला पडले.

खालच्या मजल्यावर समुद्राकडे तोंड केलेलं मोठं दालन होतं. ओळीनं उंच उंच खिडक्या, आणि त्यांना सकाळीच नवे पडदे लावून कामगार काम आटोपून गेले होते. कापड काय सुंदर! सायीच्या रंगाचं, हाताला जड, पडलं की नीट चुण्या पडणारं. मी वरून खाली बघत आले आणि तळाशी येऊन माझी नजर अडकली. पडदा खिडकीपाशी संपतच नव्हता. वीतभर कापड सरळ जमिनीवर लोळत होतं. एक नाही, दोन नाही, सगळेच.

वन्सं तर दारातच थिजल्या. कापड जमिनीला टेकलेलं त्यांना बघवत नाही. त्यांच्या वॉर्डात चादरीचं टोक फरशीला लागलं, तर अख्खी चादर धुवायला जायची. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींच्या मनात एकच आलं, जे आजवर कधी झालं नव्हतं. कुणीतरी माप चुकवलं. आणि दिलगीर सकाळीच सांगत होता की उद्या मालक आणि सजावटीच्या बाई हे दालन बघायला येणार आहेत. त्या बिचाऱ्या दिलगीरची नोकरी जाणार, असं वन्सं म्हणाल्या.

माझे हात शिवशिवत होतेच. पर्समध्ये सुया, दोरा, टाचण्या, खडू सगळं असतं, ते काही सांगायला नको. कापायचं नाही, एवढं मी ठरवलं. कापड उद्या धुऊन आटलं तर? आत दुमडून घ्यायचं आणि तुरपाई करायची. वन्संनी एक टेबल ओढून आणलं, स्वतःच्या हातांनी पुसलं आणि माझ्यापुढे कापड धरून बसल्या.

दुपारभर आम्ही शिवत होतो. वन्सं दुमड घालून टाचण्या लावत पुढे, मी टाके घालत मागे. काय हात त्यांचा! एक टाचणी इकडची तिकडे नाही. माझ्या टाक्यांत एकदाही खोट काढली नाही त्यांनी. हळूहळू बोलायला लागल्या. मुलाचं घर चांगलं आहे म्हणाल्या. सून चांगली आहे. दोघंही सकाळी कामाला जातात ते अंधार पडल्यावर येतात. खोलीत मोठी खिडकी आहे, खाली रस्ता दिसतो, गाड्या दिसतात. 'करमेल की,' म्हणाल्या, आणि पुढच्या टाचणीसाठी हात लांब केला. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आजूबाजूला ड्रिलही चालू नव्हतं. आणि मी काय बोलले? 'चुण्या सरळ धरा.' स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं मला.

संध्याकाळी सगळे पडदे जमिनीपासून बोटभर वर, एका रेषेत झुलत होते. आम्ही लांब उभ्या राहून बघितले आणि तृप्त झालो. कुणाला काही सांगायचं नाही, असं वन्सं म्हणाल्या. उपकार बोलून दाखवायचे नसतात.

शेवटच्या दिवशी बॅगा भरून खाली आलो, तर दालनात आरडाओरडा. सजावटीच्या बाई डोक्याला हात लावून उभ्या. मागे मालक. दिलगीरच्या तोंडून तो शब्दही फुटत नव्हता. पडदे लावणारे दोघे कामगार शपथेवर सांगत होते की आम्ही काही केलं नाही, आणि बाई त्यांना फैलावर घेत होत्या. त्या पडद्यांची शोभाच ती होती, म्हणे. कापड असं ऐसपैस जमिनीवर सांडलं पाहिजे, मुद्दाम तसं मागवलं होतं, आणि आता खिडक्या आखूड पायजमा घातल्यासारख्या दिसताहेत.

'जमिनीवर?' वन्संनी विचारलं. 'मुद्दाम?'

इतका धक्का त्यांना मी आयुष्यात कधी बसलेला बघितला नव्हता. पण त्या दोन कामगारांची तोंडं बघून त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि पुढे झाल्या. सांगितलं, की हे आम्ही केलं. मी म्हणाले, शिवलं मी. त्या म्हणाल्या, पण सांगितलं मी. दोष कुणाचा जास्त यावर आमची तिथेच वादावादी सुरू झाली, तशी बाईंनी हात वर केला आणि विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? वन्सं म्हणाल्या, कुणी सांगायची वाट बघितली असती, तर निम्मे रोगी दगावले असते माझे. यावर मालकाला हसू फुटलं. मग बाईही शांत झाल्या. कापलं नाही ना, एवढं त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाल्या, उसवून द्या.

बसलो दोघी पुन्हा. या वेळी जमिनीवरच, कारण टेबल कुणीतरी रंगाला नेलं होतं. एका पडद्याला एका टोकाकडून मी, दुसऱ्या टोकाकडून वन्सं. शिवायला अख्खी दुपार लागली, पण उसवायला काय लागतं? दोरा तोडला की सरकन निघतो. मी मात्र एकेक टाका सुईच्या टोकानं अलगद उचलत होते. दुपारी भाचा येणार होता. शेवटचा पडदा राहिला. आम्ही दोन टोकांकडून सरकत सरकत जवळ आलो, आणि वन्संनी माझा हात धरून थांबवला.

'वहिनी, दालनभर पडदे तू कुणाला न विचारता शिवून टाकलेस. आणि तुला मला एक गोष्ट विचारायची आहे, ती चार दिवस तुझ्या तोंडातून निघत नाहीये.'

मी म्हणाले, कुठली गोष्ट?

'नाश्त्याला मीठ मागितलंस. समोरच होतं ते तुझ्या.'

मग मात्र माझा धीर सुटला. 'वन्सं, माझ्याकडे राहायला या,' मी म्हणाले. 'मागची खोली तुमची. तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी? मला करमणार नाही. मला तुमची सवय झालीय.' एवढं बोलायला मला किती वेळ लागला देव जाणे, पण मध्ये कुठलंही ड्रिल आलं नाही.

त्यांनी उरलेला दोरा दातानं तोडला. 'चांगली खोली आहे,' म्हणाल्या. 'उजेड आहे.'

एवढ्यात दारातून भाचा आला. आई आणि मामी जमिनीवर पडद्याचं टोक धरून बसलेल्या बघून तो जागीच उभा राहिला. आईनं सांगितलं, सामान मामीकडे उतरवायचं. भाच्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीला टेकून हसायलाच लागला.

'मामी, वर्षभर हिला सांगतोय मी, तुझं तिकडे मन लागणार नाही, मामीकडे राहा. तर म्हणे, तिनं बोलावल्याशिवाय कशी जाऊ?'

वर्षभर! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! एक वर्ष ही बाई माझ्यासमोर येऊन बसत होती, आणि मी आतल्या आत झुरत होते, आणि हिला सगळं ठाऊक होतं. तोंड उघडून एकदा म्हणायला काय झालं होतं, म्हणून मी त्यांना विचारलं. तुझ्या घरात मी मागून कशी शिरू, असं त्या म्हणाल्या, आणि मान फिरवली. त्यांची हनुवटी हलत होती. ते बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि हाताला लागलं ते कापड मी तोंडाशी नेलं.

'रडायचं तर रड,' वन्सं म्हणाल्या, 'पण त्या पडद्याला पुसू नकोस. जमिनीवर लोळलाय तो.'

म्हणून मी त्यांच्या पदराला डोळे पुसले, आणि त्यांनी पुसू दिले.