पान तेवीसवरची चूक

राळेगावच्या कापसाच्या जिनिंगात सरकी उपसणाऱ्या अश्वजितनं दहावीनंतर शाळा पाहिली नाही. फिजिक्स त्यानं रद्दीतल्या पुस्तकांतून काढलं. अणूच्या आतले नियम वेगळे, गुरुत्वाकर्षणाचे वेगळे. दोन्ही आपापल्या जागी खरे. एकत्र मांडले की उत्तर अनंत येतं आणि गणित मरतं. ते अनंत घालवायला त्यानं सहा वर्षं वही लिहिली. शेवटी ते गेलं. पण खरंच गेलं का, हे तपासणारं गावात कोणी नव्हतं. म्हणून वहीची झेरॉक्स पाकिटात घालून त्यानं यवतमाळच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या पांगारकर सरांना दिली.

"फक्त चूक कुठं हाय ते सांगा, सर."

पंधरा दिवसांनी सरांनी त्याचा सत्कार ठेवला.

साल २००६. कापसाच्या या जिल्ह्यात कॅमेरे फक्त जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जात होते. सगळ्यांना एक चांगली बातमी पाहिजे होती, ती सापडली. शाल, नारळ, पुढारी. पेपरचा मथळा आधीच ठरलेला: 'मजुराने जोडले विश्व!' अश्वजितनं माइकवर विचारलं, "पण चूक?" लोक हसले, टाळ्या पडल्या. किती नम्र, म्हणाले. आपल्याकडे माणसाचं ऐकायचं नसलं की त्याच्या अंगावर शाल टाकतात.

चूक त्यालाच सापडली, जेवणाच्या सुट्टीत, सरकीच्या ढिगाला टेकून. पान तेवीस. ज्या राशीनं त्यानं दोन्ही बाजूंना भागलं होतं, तीच तिथं शून्य होत होती. अनंत गेलं नव्हतं, झाकलं गेलं होतं.

"खेमसिंग, माहं चुकलं."

सोबतचा खेमसिंग तंबाखू मळत होता. "पेपरात तं बरोबर आलं! कायले खाजवून राह्यला, सायंटिस्ट?"

दुसऱ्या दिवशी खाडा करून तो एसटीनं यवतमाळला गेला.

"अहो, आता कशाला?" सर म्हणाले. "छापून आलंय. कोण बघतंय?"

"तुमी पाह्यलं काय, सर?"

सरांनी कपाटाकडं पाहिलं. पाकीट वरच्या फळीवर होतं, न फोडलेलं.

अश्वजितनं ते स्वतःच काढलं, फोडलं. पान तेवीस टेबलावर ठेवलं.

"लाल पेन द्या."

सरांनी दिला आणि मोबाइल कानाला लावून बाहेर गेले. अश्वजितनं तो भागाकार खोडला. मग त्याच्यावर उभी असलेली पुढची सतरा पानं, एकेक करून. समासात लिहिलं, 'येथे चूक.' तारीख टाकली. खाली 'तपासले' लिहिलं, थोडा वेळ दाराकडं पाहिलं, आणि सही आपलीच केली.